नाउरू : दाराच्या अडणीपासून पासपोर्टपर्यंत

नाउरूबद्दल जे कानावर येते ते बहुधा ठरलेले असते : जगातले सर्वांत लहान प्रजासत्ताक, अधिकृत राजधानी नाही, एकेकाळी गडगंज, मग कफल्लक. यातले खोटे काही नाही. पण एवढेच ऐकले की बेटावरच्यांनी आयते मिळालेले धन उधळले असे वाटते. तो हिशेब अर्धाच आहे. बेट उकरायला सुरुवात झाली ती देश जन्मण्याच्या साठ वर्षे आधी.

विषुववृत्ताच्या जेमतेम अर्धा अंश दक्षिणेला, पॅसिफिकमध्ये, २१ चौरस किलोमीटरचे हे बेट आहे. राष्ट्रध्वजावर निळ्या रंगात आडवी पिवळी रेघ आणि तिच्या खाली बारा टोकांचा पांढरा तारा आहे. रेघ म्हणजे विषुववृत्त, तारा म्हणजे बेट, टोके म्हणजे मूळच्या बारा जमाती. सर्वांत जवळची जमीन म्हणजे बानाबा, तीही सुमारे ३०० किलोमीटर दूर. किनाऱ्याने एक अरुंद सपाट पट्टी फिरते आणि वस्ती जवळजवळ सगळी तिच्यावरच. आतल्या पठाराला सगळे ‘टॉपसाइड’ म्हणतात. पठारावर प्रवाळाच्या चुनखडीचे सुळके होते आणि त्यांच्या मधल्या खाचांमध्ये हजारो वर्षांत फॉस्फेट साठले होते. ते पक्ष्यांच्या विष्ठेतून तयार झाले असे सरसकट सांगतात. भूवैज्ञानिकांचे मात्र त्यावर एकमत नाही.

जर्मनीने १८८८ मध्ये बेट ताब्यात घेतले ते खोबऱ्याच्या व्यापारासाठी. फॉस्फेटचा पत्ता लागला तो सिडनीत. एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत दार उघडे राहावे म्हणून नाउरूहून आलेला एक दगड अडणीला लावला होता. दगड झालेले लाकूड असावे, असा सगळ्यांचा समज. अल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याने १८९९ मध्ये तो तपासून घेतला आणि उत्तम प्रतीचे फॉस्फेट निघाले. जर्मन व्यापारी कंपनीशी करार करून १९०७ मध्ये माल जहाजांवर चढू लागला. जमीनमालकाच्या हाती पडायचा टनामागे अर्धा पेनी.

एवढी धडपड कशासाठी, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. या दगडाची भुकटी करून तिच्यावर गंधकाम्ल सोडले की पाण्यात न विरघळणारे फॉस्फेट विरघळणारे होते आणि सोबत जिप्सम तयार होते. हेच सुपर फॉस्फेट. चांगल्या प्रतीच्या एक टन दगडापासून साधारण पावणेदोन टन खत मिळते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या जमिनींत स्फुरद मुळातच कमी, त्यामुळे तिथल्या कुरणांना आणि गव्हाला ते हवेच होते.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतले. १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी करार करून खाणी एका सामायिक मंडळाकडे दिल्या. मालाचे वाटे ४२, ४२ आणि १६ टक्के. या तीन देशांना फॉस्फेट बाजारभावाने नव्हे, उत्पादनखर्चात मिळायचे. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ इथे आहे. बाजारभाव आणि उत्पादनखर्च यांतला फरक बेटाला मिळाला असता. तो गेला परक्या शेतांत.

खाणकामाची रीत साधी आणि निर्दय होती. आधी झाडे आणि वरची माती काढायची, मग क्रेनच्या पंजाने सुळक्यांच्या मधले फॉस्फेट ओरबाडायचे, दळून, वाळवून पश्चिम किनाऱ्यावर आणायचे. अडचण जहाजाची. प्रवाळाची कडा संपली की समुद्र एकदम इतका खोल जातो की नांगर तळाला टेकत नाही. म्हणून खोल पाण्यात बोये, म्हणजे तरंगते पिंप, बांधून जहाज त्यांना जखडावे लागे. सुरुवातीला होड्यांतून भराई चाले. १९३० मध्ये माल थेट जहाजात ओतायला समुद्रावर झुकणारा पोलादी कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला आधार असलेला सांगाडा, उभा राहिला. पश्चिमेचा वारा सुटला की काम बंद : जहाज बोये सोडून दूर जाई आणि वारा पडेपर्यंत कित्येक दिवस तसेच तरंगत राही.

दुसऱ्या महायुद्धाने तर देशच पुसायला काढला होता. जपानने १९४२ मध्ये बेट घेतले आणि सुमारे १,२०० नाउरूवासीयांना ट्रुक बेटांवर मजुरीला नेले. त्यांतले ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी परतले. १९६८ मधला स्वातंत्र्यदिनही मुद्दाम तोच, ३१ जानेवारी. दुसरा सण २६ ऑक्टोबरचा ‘अंगाम’. जमात टिकायला किमान १,५०० माणसे हवीत असे मानले जाई आणि १९३२ मध्ये तो आकडा गाठला गेला. युद्धानंतर तो पुन्हा गाठावा लागला.

खोदून झालेल्या जागी राहणार कुठे, हा प्रश्न साठच्या दशकातच उभा होता. क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर सगळ्यांना हलवण्याचा प्रस्ताव आला. पण तिथे सार्वभौमत्व मिळणार नव्हते, म्हणून १९६४ मध्ये नाउरूने नकार दिला. स्वातंत्र्यानंतर पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डीरॉबर्ट यांच्या काळात खाणी २.१ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतल्या गेल्या. सत्तरच्या दशकात फॉस्फेटचे भाव भडकले आणि पैशांचा पाऊस पडला : कर नाहीत, मेलबर्नमध्ये ५२ मजली नाउरू हाऊस, स्वतःची विमाने. पुढे लंडनमधल्या एका संगीतनाटकातही पैसे घातले आणि ते आपटले. उधळपट्टी झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. गुंतवणुकीवर देखरेख नव्हती आणि खाण मात्र रोज रिकामी होत होती.

त्या गुंतवणुकींतली एक आपल्याकडेही होती. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स ही कंपनी १९८१ मध्ये भारत सरकार आणि नाउरू यांच्या भागीदारीत निघाली. नाउरूचा हिस्सा १९९३ मध्ये भारत सरकारने घेतला, २००२ मध्ये बहुतांश मालकी गोव्याच्या झुआरी समूहाच्या भागीदारीकडे गेली आणि २०२२ मध्ये गोव्यातला झुआरीनगरचा खतकारखानाच पारादीपने विकत घेतला.

स्वातंत्र्याआधी खणलेल्या सुमारे एक तृतीयांश भागासाठी नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. १९९३ मध्ये तडजोड झाली : ५.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर रोख, शिवाय वीस वर्षे दरसाल २५ लाख. उरलेला भाग खणला तो नाउरूने स्वतः, त्याची भरपाई मागायची कुणाकडे? माल आटल्यावर कमाईसाठी परदेशी बँकांची नुसती कागदावर नोंदणी झाली, मग ऑस्ट्रेलियाने पाठवलेल्या आश्रयार्थींची छावणी. नाउरू हाऊसही २००४ मध्ये विकले गेले.

आता टॉपसाइडवर उरले आहेत ते करड्या चुनखडीचे उघडे सुळके. माती काढून जपलेली नाही. म्हणून पुनर्वसन करायचे तर सुळके फोडायचे, चुरा खाचांत भरायचा आणि वर माती आणायची, जी बेटावर पुरेशी नाही. चुनखडीच्या चुऱ्यात सेंद्रिय अंश नसतो, त्यामुळे झाड तगत नाही. नदी तर बेटावर एकही नाही. पाणी पावसाचे किंवा समुद्राचे गोडे केलेले.

समुद्र वर येत असल्याने किनाऱ्यावरच्या लोकांना याच टॉपसाइडवर नेण्याची सरकारची योजना आहे. तिच्यासाठी पैसा उभा करायला २०२५ पासून नाउरू आपले नागरिकत्व विकते आहे. २०२५ मध्ये सुरुवातीची किंमत किमान १,०५,००० अमेरिकी डॉलर होती.