हजेरीपटावरचा भरवसा : नागपूरच्या कामगारजगाची पार्श्वभूमी

नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या आणि परसोडीच्या आयटी पार्कमधल्या कंपन्यांत वर्षातून एकदा तरी 'टीम बिल्डिंग'चा दिवस ठरतो. शहराबाहेरचं रिसॉर्ट, सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट, दोरीखेच आणि तो नेहमीचा खेळ : डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं. सोमवारी तीच मंडळी आपल्या खुर्चीवर परततात आणि चूक झाली तर ती आपल्या नावावर येऊ नये, म्हणून ईमेलमध्ये चार जणांना प्रत टाकतात. या दिवसांची थट्टा करणं सोपं आहे. पण एका छताखाली आलेल्या अनोळखी माणसांचा एकमेकांवर आणि मालकावर भरवसा कसा बसावा, हा प्रश्न नागपुरात मोठ्या कारखान्याच्या पहिल्या दिवसापासून आहे.

तो दिवस म्हणजे १ जानेवारी १८७७. राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केलं, त्याच दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. जागा जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळची दलदल. मुंबई सोडून इथे यायचं कारण हिशेबी होतं. कापूस दारात, दगडी कोळसा वरोऱ्याला, आणि १८६७ पासून मुंबईची रेल्वे थेट नागपूरपर्यंत. माणसांचा हिशेब मात्र चुकला. साध्या दिवशीसुद्धा शंभरातले वीसेक कामगार गैरहजर असत. त्या काळच्या लिखाणात याचं खापर 'इथला माणूस सुस्त' असं म्हणून फोडलेलं दिसतं. नागपूरकराला हा शेरा नवा नाही, पण तो खरा मानायचं कारणही नाही. ज्याची थोडीफार कास्तकारी आहे, ज्याचं घर पेरणी, निंदण आणि कापूसवेचणीच्या तारखांवर चालतं, त्याने भोंगा वाजला म्हणून रोज बारा महिने का यावं? मिलमध्ये हात कापला गेला तर पुढे काय, म्हातारपणी काय, याचं उत्तर गावात होतं. मिलमध्ये नव्हतं.

जमशेटजींनी दंड वाढवला नाही, याची नोंद घ्यायला हवी. त्या काळी दुसरा उपाय सहसा कोणाला सुचतही नसे. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. सरकारचा कामगार भरपाई कायदा आला तो १९२३ मध्ये. जोडीला खेळांचे दिवस, कुटुंबासह मेळावे, बक्षिसांत घड्याळं, सोन्याच्या साखळ्या आणि रोख रक्कम. आजच्या कंपन्यांनी यातलं दुसरं अर्धं उचललं. पहिलं अर्धं, म्हणजे हाताला आणि म्हातारपणाला दिलेली हमी, जिच्यामुळे त्या मेळाव्याला अर्थ होता, ते मागे राहिलं.

व्यवस्थापकाची निवडही विचार करण्यासारखी. बेझनजी मेहता हे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या माल खात्यातून आलेले, कापडधंद्याशी संबंध नाही. जमशेटजींनी त्यांच्या हाती मिल सोपवली आणि यंत्रांच्या बाजूला इंग्लंडमधल्या लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी दिले. माहिती नसलेल्या माणसावर भरवसा टाकायचा आणि माहिती असलेला माणूस त्याच्या शेजारी बसवायचा, असा तो हिशेब. हा सगळा उपकारकर्त्या मालकाचा कारभार होता, यात वाद नाही. देणारा वर, घेणारा खाली. पण कामगारांची एक पिढी त्या मिलबरोबर वाढली, हेही खरं.

मिलच्या आधी नागपुरात 'टीम' नव्हती असं कोणी समजू नये. कोष्ट्याच्या, म्हणजे विणकराच्या, घरी माग एक आणि हात सगळ्यांचे : बायका-पोरं कांड्या भरणार, गल्लीत ताणा लांबवणार, कर्ता माणूस मागावर बसणार. तिथे विश्वास वेगळा कमवावा लागत नव्हता, कारण तोटा झाला तर तो एकाच चुलीचा. मिलने हे काम खात्याखात्यांत वाटलं आणि चूल प्रत्येकाची वेगळी झाली.

मग 'आपण' म्हणजे कोण? फाटकातून आत येताना माणूस जात, गाव आणि वस्ती बरोबर घेऊन येत होता, आणि भरती ज्याच्या हातात तो जॉबर, म्हणजे मुकादम, बहुधा आपल्याच माणसांना घेई. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याने विटाळ होतो, हे कारण. विणाईची मजुरी जास्त होती, हे विसरू नये. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी ही गोष्ट मांडली, तेव्हा कामगार एकजुटीच्या घोषणांना आतून किती भेगा आहेत ते दिसलं. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांसमोर ते बोलले. अस्पृश्य माणूस गँगमन, म्हणजे रुळांवर राबणारा मजूर, होऊ शकतो पण पोर्टर होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करावं लागतं, हे उदाहरण त्यांनी दिलं. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे प्रसिद्ध विधान त्याच भाषणातलं. ही तीच रेल्वे, जिचा शेवट नागपूरला होता. जुलै १९४२ मध्ये आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाची स्थापना नागपुरात झाली आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून रुजू झाले. नागपूरच्या कामगारवस्त्यांत आंबेडकरी चळवळ आणि कामगार चळवळ एकमेकींपासून वेगळी काढता येत नाही ती यामुळे. सामायिक ओळख इथे फाटकाबाहेर घडली आणि बऱ्याच उशिरा आत पोचली.

युनियनची बाजूही सरळ नाही. १९२९ मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. व्हिटली कमिशनवर, म्हणजे मजुरांच्या प्रश्नावरच्या शाही आयोगावर, बहिष्कार घालायचा की नाही यावरून वाद पेटला, ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी ही मवाळ मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळा महासंघ काढला. देशातल्या कामगारांची एकमेव मोठी संघटना नागपुरात फुटली. नंतर त्या संघटनेचं अध्यक्षपद ज्यांच्याकडे आलं, त्या रा. स. रुईकरांनी इथल्या गिरणी कामगारांत आयुष्य घातलं.

संशोधक या विषयाकडे वळले ते मिल सुरू झाल्यावर अर्धशतकाने. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. उजेड वाढवला तरी उत्पादन वाढतं आणि कमी केला तरी वाढतं, ही गोष्ट सगळे सांगतात. कमी सांगितला जाणारा भाग जास्त महत्त्वाचा आहे. तारजोडणीच्या खोलीत १४ पुरुष कामगारांवर लक्ष ठेवलं, तर त्यांनी आपसात रोजचं काम किती करायचं हे ठरवून टाकलेलं निघालं. जास्त करणाऱ्याच्या दंडावर गुद्दा बसे. जास्त काम दाखवलं की मालक दर कापेल, अशी भीती. म्हणजे गटात एकोपा भरपूर होता, पण तो मालकापासून बचाव करणारा होता. एकोपा वाढवा म्हणजे उत्पादन वाढेल, हे गृहीत धरणाऱ्या प्रशिक्षकांनी ही खोली एकदा तरी वाचावी.

आपल्याला जवळचा प्रयोग मात्र अहमदाबादचा. कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग आले, पण उत्पादन वाढेना आणि कापडातले दोष कमी होईनात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे गेले. त्यांना दिसलं ते असं : विणणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा, प्रत्येक जण सगळ्या मागांवर फिरतो आणि कोणताच माग कोणाचा नाही. काही मागांची पूर्ण जबाबदारी एका छोट्या गटावर द्यावी, असं त्यांनी सुचवलं. पुढचं नियोजन कागदावर येण्याआधीच कामगारांनी आपले गट आपण पाडले, माणसं आपण निवडली. सुरुवातीला घसरगुंडी झाली, मग उत्पादन वाढलं आणि खराब माल घटला. १९७० मध्ये टॅव्हिस्टॉकच्याच एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका ठिकाणी ही पद्धत टिकलेली होती, बाकी ठिकाणी बाजाराच्या आणि व्यवस्थापनाच्या दबावाखाली झिजली होती. कोष्ट्याच्या घरात जे होतं, एक माग आणि त्याची सगळ्यांनी मिळून घेतलेली जबाबदारी, त्याचं काहीसं रूप मिलमध्ये परत आलं होतं.

कायद्याने आपल्या परीने प्रयत्न केले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी मालक आणि कामगारांच्या प्रतिनिधींच्या कार्यसमितीची तरतूद आली, १९५८ मध्ये संयुक्त व्यवस्थापन मंडळं आली, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनातल्या सहभागाचं कलम ४३अ घातलं. कागदावर समित्या झाल्या. चहा-बिस्किटांपलीकडे फार थोड्या गेल्या. ऐंशीच्या दशकात जपानी धर्तीची गुणवत्ता मंडळं, म्हणजे कामातले दोष एकत्र बसून शोधणारे कामगारांचे छोटे गट, आली, सुरुवात हैदराबादच्या भेल या सरकारी कारखान्यातून. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या कामातली खोट साहेबासमोर मांडता येते, ही त्यातली चांगली गोष्ट.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. त्या जागेवर आज मॉल आहे. कामाची वस्ती हिंगणा, बुटीबोरी, मिहानकडे सरकली, जिथे शेजारी-शेजारी काम करणाऱ्यांतला एक कायम आणि दुसरा कंत्राटी असतो. दोघांचं ओळखपत्र वेगळं, पुष्कळदा कँटीनचं कूपनही वेगळं. टी-शर्ट एका रंगाचा दिला तरी हे झाकत नाही.

अमेरिकेत एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या पथकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या पथकांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. चुका जास्त होत होत्या असं नव्हे. तिथे सांगायला भीती वाटत नव्हती. या निकषावर इथल्या एखाद्या कंपनीला तपासायचं तर चूक कबूल करणाऱ्याचं वार्षिक मूल्यमापनात काय होतं, आणि तो कंत्राटी असेल तर पुढच्या महिन्यात त्याचा फाटकावरचा पास चालतो का, एवढं पाहावं. औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती सांगितली आहे. मालक आणि कामगारांचे समसमान प्रतिनिधी, जास्तीत जास्त दहा सदस्य. त्या निम्म्या खुर्च्यांवर कामगारांनी निवडलेली माणसं बसतात की मनुष्यबळ विभागाने सुचवलेली, आणि कंत्राटदाराच्या माणसाची तक्रार तिथे घेतली जाते की 'तुझ्या ठेकेदाराला विचार' असं सांगून परत पाठवली जाते, हे बुटीबोरीत आणि मिहानमध्ये विचारायला हवं.