पॉइंटची फट वाढवून ठिणगी जोरदार होत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जुनी ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनी जपणाऱ्यांत अजूनही असा समज आहे की, डिस्ट्रिब्यूटरमधील (प्रत्येक सिलिंडरला क्रमाने ठिणगी पोहोचवणाऱ्या भागातील) पॉइंटची, म्हणजे उघडझाप करणाऱ्या विजेच्या संपर्कांची, फट वाढवली की ठिणगी जोरदार पडते. प्रत्यक्षात पॉइंट मिटलेले असतात तेवढाच वेळ कॉइलमध्ये (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या गुंडाळीत) करंट चढतो आणि ते उघडताच ठिणगी पडते. फट वाढली की हा मिटलेला काळ, म्हणजेच ड्वेल, घटतो. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक ठिणगीमागे डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याच्या ९० पैकी ६० अंश पॉइंट मिटलेले धरले, तर इंजिनाच्या मिनिटाला ८०० फेऱ्यांवर कॉइलला २५ मिलिसेकंद मिळतात, ४००० फेऱ्यांवर अवघे ५. फट वाढवून हा वेळ आणखी घटवला की ठिणगी कमजोर पडते, म्हणून दारात नीट चालणारी गाडी चोर्ला घाटात इंजिन ताणल्यावर अडखळू शकते. फट वाढल्याने पॉइंट लवकर उघडून टायमिंगही पुढे सरकते, म्हणजे ठिणगी आधी पडते, आणि जोर वाढल्याचा भास बहुधा त्यामुळेच होत असावा.