काँक्रीटला लागलेलं मीठ

५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला. बांधून जेमतेम सोळा वर्षं झाली होती, आणि खाऱ्या हवेत आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. लोक पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले. तेव्हापासून मीठ आणि काँक्रीट म्हटलं की गोंयकाराला गंजच आठवतो. बर्फाळ प्रदेशातल्या रस्त्यांवर मात्र मीठ सळईपर्यंत न पोचताही काँक्रीट खातं.

तिथला मूळ शत्रू पाणी. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. काँक्रीटची बारीक छिद्रं आधीच तुडुंब असतील, तर फुगायला जागा उरत नाही आणि काँक्रीट आतून फुटतं. उपाय सापडला तो योगायोगानं. १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातले काही रस्ते हिवाळ्यात विलक्षण टिकले. त्यांचं सिमेंट दळताना चरबी घातली होती आणि तिच्यामुळे काँक्रीटमध्ये सूक्ष्म बुडबुडे राहिले होते. पुढे काँक्रीटचे अमेरिकी संशोधक टी. सी. पॉवर्स यांनी दाखवलं की किती हवा आहे यापेक्षा बुडबुडे किती जवळजवळ आहेत हे महत्त्वाचं. अंतर ०.२ मिलिमीटरच्या आसपास हवं, म्हणजे दाबलं गेलेलं पाणी फार लांब न जाता शेजारच्या बुडबुड्यात शिरतं. व्हायब्रेटर लावून हवा बाहेर काढायची, ही साइटवरची पहिली शिकवण. त्याच काँक्रीटमध्ये मुद्दाम हवा ठेवायची हे पटायला वेळ लागणारच.

दुसऱ्या महायुद्धानंतर बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पडू लागलं आणि वरचे पोपडे निघू लागले. पातळ सालपट सुटतं, मग खडी उघडी पडते. मला सर्वात विलक्षण वाटतं ते हे, की जास्त खारं पाणी जास्त वाईट असं नाही. सुमारे ३ टक्क्यांचं सौम्य द्रावण सर्वात जास्त पोपडे काढतं. ओल्या काँक्रीटच्या वर आलेल्या पाण्यावरच थापी फिरवून घाईनं गुळगुळीत केलेली वरची सिमेंटची साय तर आधीच कच्ची असते, ती पहिली जाते.

आपल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातही गोठणाऱ्या हवामानासाठी २० मिमी खडीच्या काँक्रीटमध्ये सुमारे ५ टक्के हवा सांगितली आहे. गोव्याला तिची गरज नाही. इथे सगळं सळईवरच्या कव्हरवर, म्हणजे तिला झाकणाऱ्या काँक्रीटच्या थरावर अवलंबून. गेल्या पावसाळ्याआधी आमच्या गॅलरीचा खालचा भाग ठोकून पाहिला, पोकळ आवाज आला. गिलावा पाडल्यावर दिसलं, सळई गंजून फुगलेली आणि तिच्यावर काँक्रीट बोटभरही नव्हतं.