तुरटी फिरवली म्हणजे पाणी शुद्ध झालं? नाही हो

सांगलीत कृष्णेला पाणी चढलं की नळाला गढूळ येतं आणि मग एकच सल्ला, तुरटी फिरवा, सकाळपर्यंत पाणी शुद्ध. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्यांना तर हे पाठच असेल. पण तुरटी करते काय, तर पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटवते, त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि जड होऊन तळाला बसतात, बस एवढंच. त्या गाळाबरोबर बरेच जंतू खाली जातात हे खरं, पण ते मरत नाहीत, आणि वर राहिलेले कावीळ नाहीतर टायफॉईडला पुरतात.

म्हणून खडा दोनचारदा फिरवा (रात्रभर पाण्यात टाकून ठेवणारेही आहेत, धन्य), गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी न हलवता काढून चारपदरी सुती कापडातून गाळा आणि मग खळखळून उकळा, किंवा बाटलीवर लिहिल्याप्रमाणे क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास झाकून ठेवा. आधी क्लोरीन नको, गढूळ पाण्यात ते घाणीवरच खर्ची पडतं.

जतकडच्या बोअरचं जड पाणी असेल तर विषयच वेगळा, विरघळलेले क्षार तुरटीने जात नाहीत, तिथं आरओ लागतो.