माडीवरचं तैलचित्र कोणाचं?

सोलापुरात शुक्रवार पेठेत किंवा मंगळवार पेठेत जुना वाडा उतरवताना माडीवरून कधीकधी एखादं तैलचित्र खाली येतं. डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं, शिसवी खुर्चीवर टेकलेला हात. वारसांना विचारलं तर “पणजोबा असतील,” एवढंच कळतं. चित्रावर नाव नसतं. ते भिंतीवर लागलं तेव्हा घरातलं पोरसुद्धा त्या माणसाला ओळखत होतं, मग लिहायचं कोणासाठी?

ही चित्रं गिरण्यांच्या भरभराटीची. सोलापूरला १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी सुरू झाली आणि कापूस-सुतावर पेढ्या मोठ्या झाल्या. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं होतं. युरोपीय पद्धतीचं व्यक्तिचित्रण शिकलेले चित्रकार संस्थानिकांबरोबर शेठसावकारांचीही चित्रं करू लागले. बरीचशी फोटोवरून, काही तर माणूस गेल्यावर. ओळख पटवताना घोळ होतो तो इथेच. चेहरा जुन्या फोटोतला असतो आणि छातीवरचं पदक उतारवयातलं.

तरीही पदकाइतका भरवशाचा साक्षीदार नाही. इंग्रज बादशहाच्या राज्यारोहणाच्या सोहळ्याच्या, म्हणजे १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या पदकावर सातवा एडवर्ड एकटा आहे, १९११ च्या पदकावर पंचम जॉर्ज आणि राणी मेरी दोघं आहेत. इंग्रज सरकारने दिलेल्या रावबहादूर किताबाचा बिल्लाही १९११ पासूनचा. तो दिसला की सरकारी गॅझेटातल्या किताबांच्या याद्या चाळायच्या, आणि सोलापूरची नावं मोजकीच उरतात. कपाळावरचे भस्माचे आडवे पट्टे किंवा पगडीची बांधणी आपल्याला घराण्याच्या दारापर्यंत नेते, माणसापर्यंत नाही.

मी आधी चित्राची पाठ बघतो. कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का, चौकटवाल्याची चिठ्ठी, पेन्सिलीने खरडलेलं आडनाव, जे असेल ते तिथे असतं. नवी चौकट बसवताना नेमकं हेच कचऱ्यात जातं, याचं फार वाईट वाटतं.

अंदाजाने नाव चिकटवणं त्याहून वाईट. शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र छापलं जाई, ते इब्राहिमखान नावाच्या माणसाचं होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचं अस्सल चित्र पुढे आणलं तेव्हा ती चूक दूर झाली. महाराजांच्या बाबतीत हे घडू शकतं, तर पेठेतल्या सावकाराचं काय!

म्हणून घरातल्या वयस्कर बायकांना विचारावं. हे चित्र कोणत्या भिंतीवर, कोणाच्या शेजारी होतं? पितृपक्षात कोणत्या तिथीला त्याला हार घालत? ती तिथी कळली की वहीखात्यांतून, जुन्या पत्रांतून त्या तिथीला गेलेला माणूस शोधता येतो.