सोल्डर पोहोचत नाही तिथला गोंद

रिमोटचं एक बटण चालेनासं होतं. कीबोर्डच्या आतल्या पारदर्शक प्लॅस्टिकवरची एक रेघ मरते. गाडीच्या मागच्या काचेवर धुकं घालवणाऱ्या रेघांपैकी एक मध्येच तुटते. या तिन्ही ठिकाणी सोल्डरिंग आयर्न घेऊन, म्हणजे सोल्डर नावाचा मऊ मिश्रधातू वितळवून जोड द्यायला, बसण्यात अर्थ नसतो. बटणाखालच्या रबरावरचा कार्बन झिजलेला असतो, आणि रबराला सोल्डर धरत नाही. कीबोर्डमधलं पॉलिएस्टर ७०-८० अंश सेल्सियसलाच मऊ पडू लागतं, तर कथील-शिशाचं नेहमीचं सोल्डर वितळायलाच १८३ अंश लागतात. काचेवरची रेघ म्हणजे काचेवर भाजलेला चांदीचा पातळ थर. तो जिथे उडाला तिथे खाली नुसती काच उरते, आणि काचेवरून सोल्डरचा थेंब गोळी होऊन घरंगळतो.

अशा वेळी वीजवाहक गोंदाची, म्हणजे कार्बनची किंवा चांदीची पूड कालवलेल्या गोंदाची, छोटी बाटली कामी येते. तिच्यावर बहुधा ‘सोल्डरला पर्याय’ असं छापलेलं असतं. हे वर्णन मला फसवं वाटतं. या गोंदाचा जन्म सोल्डरची जागा घेण्यासाठी झालेला नाही. सोल्डरची जागा घ्यायला तो ज्या ज्या वेळी निघाला, त्या त्या वेळी ठेचकाळला.

सुरुवात गोंदाने नव्हे, भुकटीने झाली. १८३८ साली मोरिट्झ याकोबी यांनी विजेच्या साहाय्याने साच्यावर तांब्याचा थर चढवण्याची युक्ती जाहीर केली. पण त्यासाठी साचा वीजवाहक हवा, आणि नाजूक नक्षीचा ठसा घ्यायला उत्तम ते मेण तर वीज वाहतच नाही. १८४० साली रॉबर्ट मरे यांनी मेणावर ग्रॅफाइटची, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाची, पूड चोळली. त्या काळ्या थरावर तांबं चढू लागलं आणि छपाईच्या धंद्याला कोरीव ठशांच्या हव्या तितक्या प्रती मिळू लागल्या. उष्णता न लावता, वीज न वाहणाऱ्या वस्तूवर विजेची वाट आखायची ही कल्पना इतकी जुनी आहे. आजच्या कार्बनच्या गोंदात मूळ ऐवज तोच, फक्त चिकटवायला सोबत राळ आली.

भुकटीचा स्वभाव मात्र पन्नास वर्षांनी उमगला. १८९० साली पॅरिसमध्ये एदुआर ब्रान्ली यांनी काचेच्या नळीत धातूचा कीस भरून पाहिला. धातू असूनही तो कीस वीज जवळजवळ अडवून धरायचा, कारण प्रत्येक कणावर ऑक्साइडची पातळ साल असते. जवळपास विजेची ठिणगी पडली की कण एकमेकांना धरत आणि वाट मोकळी होई. नळीला टिचकी मारली की वाट पुन्हा बंद. ही नळी पुढे बिनतारी संदेश पकडायला वापरली गेली. गोंदाच्या दृष्टीने तिच्यातले दोन धडे महत्त्वाचे: कण नुसते शेजारी असून भागत नाही, त्यांच्या सालीही आड येता कामा नयेत, आणि धक्क्याने हात सुटतात. दोन्ही धडे शंभर वर्षांनी कारखानदारांना नव्याने गिरवावे लागले.

सालीच्या अडचणीवरचं उत्तर म्हणजे चांदी. तांब्याची पूड स्वस्त, पण तिच्यावरचा ऑक्साइड वीज अडवतो. चांदीवर चढणारा ऑक्साइड तितका आडवा येत नाही. दुसऱ्या महायुद्धात, लक्ष्याजवळ पोचताच आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या फ्यूजसाठी, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेसाठी, अमेरिकेत चांदीची शाई चिनी मातीसारख्या पट्टीवर छापून ती भट्टीत भाजली गेली. छापील सर्किटं मोठ्या संख्येने बनली ती अशी. पण भट्टी आली म्हणजे उष्णता आलीच.

भट्टी टाळण्यासाठी हवी होती कमी तापमानाला घट्ट होणारी राळ. ती इपॉक्सीच्या रूपाने मिळाली. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी तिच्यावर स्वतंत्रपणे काम केलं होतं, आणि १९४६ मध्ये सीबा कंपनीने ती ‘अराल्डाइट’ नावाने लोकांपुढे आणली. दहा वर्षांनी, १९५६ मध्ये, वुल्फसन आणि इलियट यांना इपॉक्सी आणि चांदी मिळून होणाऱ्या वीजवाहक गोंदाचं अमेरिकी पेटंट मिळालं. आज दोन नळ्यांत मिळणारा चांदीचा गोंद त्याच वंशातला.

त्यात चांदी किती असते हे ऐकून आश्चर्य वाटतं. कणांची साखळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जुळायला आकारमानाने साधारण पाव हिस्सा तरी चांदी लागते, आणि चांदी जड असल्यामुळे वजनात ती सत्तर-ऐंशी टक्क्यांवर जाते. म्हणजे आपण चांदी विकत घेतो आणि तिच्यासोबत थोडा गोंद मिळतो! चपट्या पापुद्र्यांची चांदी वापरतात, कारण पापुद्रे एकमेकांवर आडवे पडून जास्त जागी टेकतात.

चांदीचा एक अवगुणही याच सुमारास लक्षात आला. १९५५ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की दमट हवेत आणि विजेच्या दाबाखाली चांदी इन्सुलेशनमधून हळूहळू सरकते आणि शेजारच्या वाहकापर्यंत बोटं पसरून शॉर्ट करते. जवळजवळच्या दोन रेघांवर चांदीचा गोंद लावताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

गोंदाला पहिलं हक्काचं घर मिळालं ते चिपच्या पोटाखाली. सिलिकनची चकती धातूच्या चौकटीवर बसवायला पूर्वी सोनं आणि सिलिकन यांचा ३६३ अंशांना वितळणारा जोड वापरत. चांदीच्या इपॉक्सीने ते काम १५० अंशांच्या आसपास आणि सोन्याशिवाय होऊ लागलं. एलसीडी पडद्याच्या काचेला जोडलेल्या पट्ट्यांत तर त्याचं एक चलाख भावंड असतं, एक चिकट फिल्म: तिच्यात कण इतके विरळ की वीज फक्त वरून खाली जाते, शेजारी नाही.

मग सोल्डरमधल्या विषारी शिशाचा प्रश्न आला, आणि गोंदाला मोठी स्वप्नं पडू लागली. १९९०च्या दशकात शिशाविना सर्किट बोर्ड कसे जोडायचे याचा शोध सुरू झाला, तेव्हा वीजवाहक गोंद हा एक गंभीर उमेदवार होता. अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मॅन्युफॅक्चरिंग सायन्सेसने कसोटी ठरवली: ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत ५०० तास ठेवल्यावर जोडाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, २० टक्क्यांहून जास्त वाढू नये, आणि ६० इंचांवरून सहा वेळा पाडलं तरी भाग सुटू नये. बरेच गोंद दोन्हीकडे नापास झाले. ब्रान्लींची टिचकी पुन्हा आडवी आली.

रोध का वाढतो याचं उत्तर तेव्हा सगळे ‘धातू गंजतो’ असं सरळ देत. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या लू, टाँग आणि वाँग यांनी ते नेमकं केलं. चांदी आणि कथील हे दोन वेगळ्या स्वभावाचे धातू ओलाव्यात एकत्र आले की तिथे चिमुकली बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात कथील खाल्लं जाऊन मध्ये ऑक्साइडचा पडदा उभा राहतो. बोर्डावर बसवायच्या भागांच्या पायांना सोन्याचा मुलामा असेल, तर त्यांवर तोच गोंद नीट टिकतो. गंमत अशी, की सुट्या भागांच्या पायांना कथिलाचा मुलामा दिलेला असतो तो सोल्डर पटकन बसावं म्हणून. सोल्डरसाठी केलेली तयारीच गोंदाला बाधते.

१ जुलै २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशाच्या वापरावर बंधन लागू झालं, तेव्हा शर्यत कथील-चांदी-तांबं या मिश्रधातूने जिंकलेली होती. तो २१७ अंशांच्या आसपास वितळायला लागतो, म्हणजे जुन्या सोल्डरपेक्षा चौतीस अंश जास्त. उष्णता वाढली तरी कारखान्यांनी धातूचा जोडच निवडला. वितळलेलं सोल्डर तांब्याशी रासायनिक नातं जोडतं, गोंद नुसता टेकतो. या एका फरकावर सगळं ठरलं, असं मला वाटतं.

दुरुस्तीच्या टेबलावर हाच फरक आकड्यांत दिसतो. एक सेंटिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद आणि दशांश मिलिमीटर जाड रेघ ओढली, तर चांगल्या चांदीच्या इपॉक्सीत तिचा रोध ०.१ ओहमच्या घरात भरतो. सोल्डरची तेवढीच रेघ ०.०१५ ओहमची. कार्बनच्या गोंदात मात्र तो शंभर ओहमच्या पलीकडे सहज जातो. बटण दाबलं की नाही एवढंच चिपला कळवायचं असेल तर शंभर ओहम म्हणजे काहीच नाही. पण त्याच रेघेतून एलईडीचा २० मिलिअँपिअर प्रवाह न्यायचा, तर दोनेक व्होल्ट वाटेतच गळतात. मोटर किंवा बॅटरीच्या जोडाला कार्बनचा गोंद लावणाऱ्याची निराशा इथून येते.

आणखी एक गोष्ट बाटलीवर क्वचितच लिहिलेली असते. चांदीचे पापुद्रे दळताना एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना चरबीच्या आम्लाचा पातळ थर दिलेला असतो. गोंद ओला असताना तो थर आणि राळ मध्ये असते, म्हणून वीज नीट वाहत नाही. राळ घट्ट होताना आकसते, पापुद्रे एकमेकांवर दाबले जातात, आणि तेव्हा कुठे वाट उघडते. मला हे ठाऊक नव्हतं तेव्हा मी एका कॅल्क्युलेटरच्या पट्टीवर ओली रेघ ओढून लगेच मीटर टेकवला. काटा ढिम्म. म्हणून दुसरा थर दिला, मग तिसरा. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ उत्तम वाहत होती, आणि शेजारच्या दोन्ही रेघांशीही तितक्याच उत्तमपणे जोडली गेली होती. सुईच्या टोकाने ती वेगळी करायला अर्धा तास गेला.