एका मतावर अडलेलं सभागृह: व्हर्जिनियातल्या विषम वर्षांच्या निवडणुका

मतपत्रिकेवर दोन्ही उमेदवारांपुढचे गोल काळे केले होते आणि त्यांतल्या एकावर तिरकी रेघ मारलेली होती. नोव्हेंबर 2017 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळासाठी 94 व्या मतदारसंघात मतदान झालं. फेरमोजणीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमन्ड्स एका मताने जिंकल्या. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांनी ही मतपत्रिका रिपब्लिकन डेव्हिड यान्सी यांच्या खात्यात जमा केली, कारण रेघ सायमन्ड्स यांच्या नावापुढच्या गोलावर होती. दोघांची मतं झाली प्रत्येकी 11,608.

मग 4 जानेवारी 2018 रोजी कॅमेऱ्याच्या रिळाच्या डब्यांत नावांच्या चिठ्ठ्या घातल्या, डबे एका वाडग्यात ठेवले आणि निवडणूक मंडळाच्या अध्यक्षांनी त्यातला एक उचलला. यान्सींचं नाव निघालं. शंभर जागांच्या हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये, म्हणजे राज्याच्या कनिष्ठ सभागृहात, रिपब्लिकनांचं बहुमत 51-49 असं तगलं. दुसरी चिठ्ठी निघती तर 50-50. मुंबईकरांना यात नवल वाटायला नको. 2017 च्याच फेब्रुवारीत महापालिकेच्या प्रभाग 220 मध्ये समसमान मतं पडून चिठ्ठीवरच निकाल लागला होता. फरक इतकाच, की व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडला, त्या चिठ्ठीवर अख्खं सभागृह अडलं होतं.

व्हर्जिनियात विधिमंडळाच्या या निवडणुका विषम वर्षात होतात. असं करणारी राज्यं चारच. बाकीची तीन म्हणजे न्यू जर्सी, लुइझियाना आणि मिसिसिपी. न्यू जर्सीने 1947 च्या राज्यघटनेत ठरवून हा बदल केला: राज्याचे प्रश्न अध्यक्षीय निवडणुकीच्या गदारोळात बुडू नयेत, एवढंच कारण. आपल्याकडे ‘एक देश, एक निवडणूक’ म्हणणारे नेमकं उलट मागतात, हे जाता जाता.

व्हर्जिनियाचा किस्सा जुना आणि कमी निरागस आहे. तिथल्या विधिमंडळाचं पहिलं अधिवेशन 1619 मध्ये जेम्सटाउनला भरलं. जनतेने थेट निवडलेला पहिला गव्हर्नर, म्हणजे राज्य सरकारचा प्रमुख, मात्र 1851 मध्ये मिळाला. पुढे 1902 च्या राज्यघटनेने मतदानासाठी कर लावला आणि कृष्णवर्णीयांसह गरीब गोरेही यादीतून गळाले. राज्यातले बलाढ्य नेते हॅरी बर्ड यांच्या डेमोक्रॅटिक गटाची मांड याच आटलेल्या मतदारसंख्येवर बसली होती. विषम वर्ष त्यांच्या पथ्यावर पडलं. मतदान थोडं, आणि वॉशिंग्टनचा वारा लागत नाही. अध्यक्षपदाला रिपब्लिकन उमेदवार आवडला तरी राज्यात मत आपल्या माणसालाच. हा मतदान-कर 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि गटाचा पाया खचला. तरीही दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे जायला 1999 उजाडलं.

तिथून पुढे बलाबल काठावरच. राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, 40 जागा; 2011 च्या निकालाने 20-20. बरोबरी झाल्यास निर्णायक मत लेफ्टनंट गव्हर्नरचं (हा निवडून आलेला उपगव्हर्नर), पण 21 जानेवारी 2013 ला त्याचीही गरज पडली नाही. त्या दिवशी ओबामांचा दुसरा शपथविधी होता आणि नागरी हक्क चळवळीतले जुने कार्यकर्ते, डेमोक्रॅट सिनेटर हेन्री मार्श, त्यासाठी वॉशिंग्टनला गेले होते. रिपब्लिकनांनी संधी साधून मतदारसंघ फेररचनेचं विधेयक 20-19 ने मंजूर करून घेतलं. पुढे त्यांच्याच पक्षाचे, कनिष्ठ सभागृहाचे सभापती विल्यम हॉवेल यांनी ते नियमबाह्य ठरवलं. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला हा सर्वांत सभ्य क्षण. रिपब्लिकन नेत्यांपैकी अनेकांना तो तसा वाटला नसेल.

वॉशिंग्टनचा वारा अडवण्याचा हेतू कुठे असलाच तर तो आता पार उलटा झालाय. अध्यक्षीय निवडणुकीनंतरच्या पहिल्याच वर्षी व्हर्जिनियात मतदान होतं, त्यामुळे नव्या अध्यक्षावरचा राग तिथे आधी निघतो. 1977 पासून व्हाइट हाउसमधल्या पक्षाने तिथे गव्हर्नरपदाची निवडणूक गमावली नाही असं एकदाच झालं, 2013 मध्ये. ट्रम्प यांच्या पहिल्या वर्षी, 2017 मध्ये, रिपब्लिकनांच्या 66 जागांच्या 51 झाल्या. 2019 मध्ये दोन्ही सभागृहं गेली आणि सायमन्ड्स यांनीही यान्सींना हरवलं. बायडन आले तसं 2021 मध्ये कनिष्ठ सभागृह फिरलं, 2023 मध्ये परत डेमोक्रॅटांकडे 51-49, आणि 2025 मध्ये थेट 64-36.

सिनेट मात्र अजून 21-19 वर आहे. एक सदस्य फुटला तर बरोबरी. 2025 मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आल्या त्या गझाला हाश्मी, जन्म हैदराबादचा. बरोबरीचं ते मत आता त्यांच्या हातात आहे.